घाटावरून खाडीत : कयाकवरून गरवण्याची सुरुवात कशी करावी?

मार्कंडेयकाठ

नमस्कार. मी बेळगाव तालुक्यातला असून नदीवर आणि गावतळ्यावर गळ टाकण्याची आवड मला शाळेत असल्यापासून आहे. मरळ, कटला, रोहू यांच्या सवयी बऱ्यापैकी ठाऊक आहेत, खारे पाणी मात्र पूर्णपणे अनोळखी आहे. आता कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची हलकी लहान होडी, घेऊन किनाऱ्यालगत मासेमारी शिकावी असे मनाने घेतले आहे. चोर्ला घाटाने गोवा, आंबोली घाटाने वेंगुर्ले आणि लोंढा-रामनगरमार्गे कारवार असे तिन्ही किनारे आपल्याला एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहेत. तरीही आपल्या भागातून कयाक घेऊन जाणारे कोणी मला अद्याप प्रत्यक्ष भेटलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

कयाक कोणत्या प्रकारची घ्यावी, ती लहान मोटारीच्या टपावरून घाट उतरून नेता येईल का, पहिल्यांदा कोणत्या पाण्यात उतरावे, कोणत्या महिन्यात जावे आणि परवानगीचे काय, हे माझे मुख्य प्रश्न आहेत. विहिरीत पोहायला शिकलो आहे आणि न थांबता बराच वेळ पोहू शकतो. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तेरेखोलकाठ

तुमच्या प्रश्नांचा क्रम मी थोडा बदलतो. कयाक आणि गळ यांची निवड सावकाश करता येते, पण वारा आणि भरती-ओहोटी यांची समज पाण्यात पहिले वल्हे मारण्याआधी असावी लागते. तळ्यावर गरवणाऱ्या माणसाला पाणी स्थिर असण्याची सवय असते, आणि किनाऱ्यावर नेमकी तीच सवय अंगाशी येते.

आधी वारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटेपासून सकाळी नऊ-दहापर्यंत घाटाकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. ऊन चढले की तो पडतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होऊन संध्याकाळपर्यंत वाढत जातो. नवशिक्याला दुपारचा वारा भीतीदायक वाटतो, कारण त्याच्या लाटा डोळ्यांना दिसतात. माझ्या मते सकाळचा वारा त्याहून धोक्याचा आहे. किनाऱ्यावर उभे राहून पाहिले तर मतलई वाऱ्यात पाणी अगदी सपाट दिसते, कारण वारा आपल्या पाठीमागून येत असतो आणि किनाऱ्याजवळ लाट उठायला त्याला लांबीच मिळालेली नसते. आपण वल्ही मारत बाहेर जातो तेव्हा वारा ढकलत असल्यामुळे आपण फार चांगले वल्हवतो आहोत असे वाटते. परत फिरल्यावर तोच वारा तोंडावर येतो. नवशिक्याचा टिकाऊ वेग ताशी चार ते पाच किलोमीटर असतो. ताशी वीस किलोमीटरचा वारा समोरून आला आणि त्यात ओहोटीचा ओढा मिसळला, तर तो वेग जवळजवळ शून्यावर येतो, आणि दमलेला माणूस जागच्या जागी वल्ही मारत राहतो. कयाक पाण्यावर उंच तरंगते व वजनाने हलकी असते, त्यामुळे वारा तिला होडीपेक्षा लवकर पळवतो. तेरेखोल, मांडवी, काळी यांसारख्या नद्यांच्या खोऱ्यांतून तर हा वारा अरुंद वाटेने येतो आणि काही दिवशी दहा वाजून गेले तरी थांबत नाही.

म्हणून माझा नियम असा आहे की अंदाजात ताशी पंधरा किलोमीटरच्या वर वारा दाखवला असेल तर नवशिक्याने कयाक टपावरून उतरवूच नये. आणि पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागले की मासे लागत असले तरी काठ गाठावा.

आता भरती. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात आणि रोजची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी जास्त चढते आणि जास्त जोराने उतरते; अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भांग असतो, तेव्हा ओढा सर्वांत मंद असतो. गोवा-कारवारकडे उधाणातही पाण्याचा चढउतार साधारण दोन मीटरच असतो, मुंबईच्या निम्म्याहूनही कमी, परंतु खाडीच्या अरुंद मुखातून हे सारे पाणी काही तासांत बाहेर पडायचे असल्यामुळे तिथला ओढा कमी लेखण्यासारखा नाही. ओहोटीचे बाहेर जाणारे पाणी आणि आत येणारी समुद्राची लाट मुखावरच्या वाळूच्या दांड्यावर समोरासमोर आली की लाट उभी राहते आणि फुटते. केरीजवळ तेरेखोलच्या मुखाशी ओहोटीत हे काठावरून नीट पाहता येते. कयाकमध्ये बसून पाहण्याचे ते ठिकाण नव्हे.

या सगळ्यावरून निघणारा सल्ला असा : पहिला हंगाम पूर्णपणे खाडीत, मुखापासून तीन-चार किलोमीटर आत काढावा. भरतीच्या उत्तरार्धात उतरून पाण्याबरोबर वरच्या अंगाला जावे आणि पाणी फिरले की त्याच्याच आधाराने परत यावे. दमलात तरी प्रवाह तुम्हाला घराच्या दिशेनेच आणतो, मात्र उतरण्याच्या जागेवरून पुढे मुखाकडे वाहत न जाण्याची दक्षता घ्यावी लागते.

निपाणीचा_वल्हेकरी

कयाक आणि वाहतूक यांविषयी लिहितो.

मासेमारीसाठी वरून उघडी, म्हणजे जिच्यावर बसायचे अशी कयाक घ्यावी. ज्या कयाकमध्ये पाय आत घालून बसतात ती उलटली तर पाण्याने भरते आणि काठावर नेल्याशिवाय रिकामी होत नाही. उघड्या कयाकच्या बैठकीला आरपार भोके असतात, त्यांतून आलेले पाणी आपोआप खाली जाते, आणि पाण्यात पडलात तरी परत चढता येते. लांबी दहा ते बारा फूट व रुंदी पंच्याहत्तर ते पंच्याऐंशी सेंटिमीटर असावी. याहून रुंद कयाक स्थिर वाटते, पण वाऱ्यात वल्हवताना जीव जातो. जाड प्लॅस्टिकची अशी कयाक पंचवीस ते पस्तीस किलोची भरते, म्हणून टपावर चढवायला दुसरा माणूस हवा.

हवेने फुगवायच्या कयाक स्वस्त असतात आणि डिकीत मावतात, त्यामुळे आपल्याकडच्या अनेकांचा ओढा तिकडे असतो. गोड्या पाण्यात त्या ठीक आहेत. खाडीतल्या खडकांवर आणि पुलांच्या खांबांवर कालवांच्या शिंपल्यांची धार असते, हातात गळ असतात, आणि वाऱ्यात ही कयाक कागदासारखी उडते. मी तिची शिफारस करणार नाही.

टपावर नेताना गाडीला आडव्या दांड्या हव्यात. कयाक पालथी ठेवून दोन रुंद पट्ट्यांनी आवळावी, आणि पुढचे व मागचे टोक वेगळ्या दोरीने गाडीच्या खालच्या कडीला बांधावे. ही टोकाची दोरी अनेक जण टाळतात. सपाट रस्त्यावर ती नसली तरी चालून जाते, पण घाटाच्या वळणांवर कयाकचे पुढचे टोक बाजूला सरकू लागते आणि समोरून येणाऱ्या बसच्या वाऱ्याने उचलले जाते. चोर्ल्याने जात असाल तर कणकुंबीला आणि आंबोलीने जात असाल तर आंबोली गावात थांबून पट्ट्या पुन्हा आवळाव्यात. प्लॅस्टिक उन्हात मऊ होते, म्हणून पट्टी करकचून ओढून दिवसभर ठेवू नये, नाहीतर तळाला खळगा पडतो.

विकत घेण्याआधी भाड्याने घेऊन पाहावी, हे सांगायला हवेच.

सदाशिवगड_वाचक

तेरेखोलकाठ यांच्या सल्ल्याशी मी बराचसा सहमत आहे, पण पूर्ण एक हंगाम खाडीतच काढावा हे मला अती वाटते. कारवारच्या उपसागराला बाहेरच्या बेटांचा काही आडोसा आहे, किनारा उताराने सौम्य आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत तिथे लाट बहुधा लहान असते. सोबत जाणकार माणूस असेल तर दोन-चार वेळा खाडीत सराव झाल्यावर किनाऱ्यापासून तीनशे मीटरच्या आत समांतर वल्हवायला हरकत नसावी. तिथे मुडदुशी, बांगडा असे मासे हलक्या गळावर लागतात आणि नवशिक्याचा उत्साह टिकतो.

एक गोष्ट मात्र बाहेरगावच्या माणसाला माहीत असलीच पाहिजे. कारवारच्या दक्षिणेला आयएनएस कदंब हा नौदलाचा तळ आहे आणि अंजदीव बेटही त्याच हद्दीत येते. त्या बाजूला कयाक नेऊ नये. कुतूहल म्हणूनही नको. काळी नदीवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, तेव्हापासून मी पुलाच्या खांबांजवळ गरवणे पूर्णपणे बंद केले आहे. तसेही खांबाजवळ प्रवाह फिरतो आणि कयाक आडवी होऊन खांबाला चिकटते. नदीच्या वरच्या अंगाला कद्रा धरण आहे. तिथून पाणी सोडले की खालचा ओढा भरती-ओहोटीच्या हिशेबाबाहेर जातो, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत स्थानिकांना विचारल्याशिवाय नदीत उतरू नये.

तेरेखोलकाठ

सोबत जाणकार असेल, तर तुमचे म्हणणे मला मान्य आहे. मार्कंडेयकाठ यांनी आपल्या भागातले कोणी भेटले नाही असे लिहिले होते, म्हणून मी ते एकटे जातील असे धरून लिहिले. एकट्याने समुद्राच्या बाजूला जाऊ नये, या मतावर मी ठाम आहे. अंतर तीनशे मीटर असो वा शंभर, मतलई वारा सुटला की ते वाढायला वेळ लागत नाही.

खानापूरची_आश्विनी

मलाही यात फार रस आहे. म्हादई आमच्याच तालुक्यात उगम पावते आणि पणजीला समुद्राला मिळते, त्यामुळे त्या नदीच्या खालच्या अंगाला एकदा तरी कयाकने जावे असे फार वाटते. मला पोहता येते, पण जेमतेम. लाइफ जॅकेट घातले तर तेवढे पुरेसे आहे का? आणि कयाकवर परत चढणे लिहिले आहे तितके सोपे असते का?

तेरेखोलकाठ

आश्विनीताई, प्रामाणिक उत्तर असे की जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवते, पण कयाकवर परत चढवत नाही. तो सराव वेगळा करावा लागतो आणि तो झाल्याशिवाय मासेमारीचे सामान कयाकवर ठेवूच नये.

पद्धत अशी आहे. कयाक पालथी झाली असेल तर तिच्या मधोमध पोटाच्या बाजूने हात टाकून पलीकडची कड धरायची, गुडघा जवळच्या कडेला टेकवून अंग मागे झोकायचे, म्हणजे ती सुलट होते. मग बैठकीजवळ दोन्ही हात ठेवायचे, पाय पाण्यात मागे आडवे आणून जोरात मारायचे आणि पोटावर सरकत कयाकवर आडवे पडायचे. इथे बहुतेक जण घाईने उठून बसायला जातात आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा पाण्यात पडतात. पोटावर आडवे असतानाच एक श्वास घ्यावा, मग कूस बदलून आधी बूड बैठकीत टाकावे आणि पाय सर्वांत शेवटी आत घ्यावेत. हातांच्या ताकदीपेक्षा पायांच्या मारावर सारे अवलंबून आहे. पाय पाण्यात खाली लोंबकळत असतील तर धडधाकट माणसालाही चढता येत नाही.

हा सराव कमरेएवढ्या पाण्यात सुरू करून मग पाय न टेकणाऱ्या पाण्यात करावा, जॅकेट घालून करावा आणि दमलेले असतानाही एकदा करून पाहावा. जॅकेट अंगाला घट्ट बसणारे आणि बाह्या मोकळ्या ठेवणारे हवे. पर्यटकांना देतात ती सैल, नारिंगी जॅकेटे पाण्यात पडल्यावर गळ्याशी येतात. खांद्याच्या पट्ट्या धरून कोणी वर ओढले तरी जॅकेट हनुवटीपर्यंत सरकू नये, ही त्याची परीक्षा. वल्हे कयाकला दोरीने बांधलेले असावे. शिटी जॅकेटलाच लावावी आणि मोबाइल जलरोधक पिशवीत घालून अंगावर ठेवावा, कयाकच्या कप्प्यात नव्हे. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे. तो मोबाइलमध्ये साठवावाच, शिवाय काठावरच्या एका माणसाला परतीची वेळ सांगून ठेवावी.

मांडवीबद्दल एक सांगतो. मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत आणि त्या पाहण्यासाठी लोक मुद्दाम होडीने जातात. तो भाग कयाकवरून गरवण्यासाठी टाळावा.

खानापूरची_आश्विनी

फार आभार. सरावासाठी राकसकोप किंवा हिडकल इथे जाता येईल का?

निपाणीचा_वल्हेकरी

राकसकोप हा बेळगाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचा जलाशय आहे, तो विचार सोडून द्यावा. हिडकलसारख्या धरणांत पाटबंधारे आणि मत्स्य खात्याची परवानगी लागते. माझ्या मते गावतळे ग्रामपंचायतीला विचारून वापरणे किंवा पोहण्याच्या तलावाच्या व्यवस्थापकांना विनंती करणे सोपे पडेल. चिकोडी-अथणी भागातल्या वाचकांनी कृष्णेत हा सराव करू नये, तिथे मगरींचा वावर आहे.

चंदगडी_गरी

आता माशांविषयी कोणीतरी लिहायलाच हवे.

खाडीतले दोन मासे नवशिक्याला वेड लावतात, चोणक आणि तांबोसा. चोणक म्हणजेच उत्तर कोकणातला जिताडा. दोघेही आडोशाला दबा धरून बसणारे मासे आहेत. भरतीत पाणी खारफुटीच्या मुळांत शिरते, तेव्हा लहान शेवटे मासे आणि कोळंबी आत जातात आणि त्यांच्या मागे हेही आत जातात. पाणी फिरले की सारे बाहेर यावे लागते, आणि ज्या लहान ओहळांतून ते पाणी मुख्य खाडीत उतरते त्यांच्या तोंडाशी हे मासे वाट पाहत थांबतात. म्हणून ओहोटीचा पहिला तास मला सर्वांत मोलाचा वाटतो. तेरेखोलकाठ यांनी सुचवलेल्या वेळापत्रकात हाच तास परतीच्या वाटेवर येतो, हे चांगले जमते.

सामान साधे ठेवावे. साडेसहा ते सात फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड, ३००० किंवा ४००० आकाराचे रीळ, वीस पौंडांचा विणलेला दोर आणि त्यापुढे तीस ते चाळीस पौंडांचा जाड नायलॉनचा तुकडा पुरतो. हा तुकडा आवश्यक आहे, कारण चोणकाच्या गालाच्या कडेला धारदार पाते असते आणि तांबोसा गळ लागताच मुळांत किंवा कालवांच्या खडकात घुसतो. तांबोशाला पहिल्या दोन-तीन सेकंदांत थांबवले नाही तर तो हाती लागत नाही, आणि कयाकवर तर तो माणसासकट कयाकला आडोशाकडे ओढतो. सुरुवातीला खोटा मासा वीस-पंचवीस मीटर मागे सोडून काठाला समांतर सावकाश वल्हवत जावे. यात वल्हवण्याचा सराव होतो आणि खोलीचा अंदाज येतो.

नांगराबाबत माझे मत कडक आहे. वाहत्या पाण्यात कयाकच्या मध्यावर नांगर बांधला तर प्रवाह तिला आडवी करून बुडवतो. नांगर फक्त टोकाला बांधावा आणि तो झटक्यात सुटेल अशी गाठ असावी. पहिल्या हंगामात नांगर घरी ठेवला तरी काही अडत नाही.

शेंगाळा लागला तर हाताने धरू नये, त्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांचा दंश फार दुखतो. पाकटाच्या शेपटीचा काटा त्याहून वाईट. दंश झालाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा, वेदना कमी होतात, आणि मग डॉक्टर गाठावा. पाकट लागला असेल तर दोर कापून टाकणे शहाणपणाचे. तिहेरी गळांच्या टोकांजवळचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट करावेत, म्हणजे माशालाही इजा कमी होते आणि बोटात घुसला तर काढताही येतो.

मार्कंडेयकाठ

इतक्या सविस्तर उत्तरांसाठी सर्वांचे मनापासून आभार. परवानगीचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. पावसाळ्यातली मासेमारी बंदी कयाकला लागू होते का?

सदाशिवगड_वाचक

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची बंदी असते. ती यांत्रिक बोटींसाठी आहे, बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना तीतून सूट असते. छंदाची कयाक पारंपरिक होडीत मोडते का, हा वाद घालत बसण्यापेक्षा त्या दोन महिन्यांत जाऊच नये. हा माशांच्या प्रजननाचा काळ आहे, समुद्र खवळलेला असतो आणि घाटात पाऊस झाला की खाड्यांना गढूळ लोंढा येतो. माझ्या मते ऑक्टोबर संपेपर्यंत थांबावे.

कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा आणि कर्नाटकाचा १९८६ चा आहे. तेरेखोल खाडीत तर एका बाजूला सिंधुदुर्ग आणि दुसऱ्या बाजूला गोवा आहे. ज्या काठावरून उतरणार तिथल्या मत्स्य कार्यालयात आधी विचारून घ्यावे. मालवणजवळ १९८७ मध्ये घोषित झालेले सागरी अभयारण्य आहे, तिकडे जाणाऱ्यांनी त्याची हद्द समजून घ्यावी.

कागदापेक्षा मोठी परवानगी त्या गावच्या मच्छीमारांची असते, असे मी अनुभवाने म्हणतो. सिंधुदुर्गात रापण आणि आमच्याकडे रंपणी ओढतात, तेव्हा जाळे अर्धवर्तुळात दूरवर पसरलेले असते आणि त्यावर अनेक घरांचा दिवस अवलंबून असतो. त्या वेढ्यात कयाक घालू नये, खाडीत रोवलेल्या जाळ्यांच्या खुंटांना कयाक बांधू नये आणि लागलेला मासा बाजारात विकू नये. उतरण्याआधी काठावरच्या जुन्या माणसाला नमस्कार करून कुठे जाणार ते सांगावे. वाळूचा दांडा या वर्षी कुठे सरकला आहे हे नकाशात सापडत नाही, त्यांना ठाऊक असते.

मार्कंडेयकाठ

समजले. दिवाळीनंतर आरोंद्याच्या बाजूने तेरेखोल खाडीत उतरण्याचा विचार आहे. निपाणीचे मित्र सोबत यायला तयार आहेत, तोपर्यंत गावतळ्यात परत चढण्याचा सराव पूर्ण करतो. पौर्णिमेला भरती दुपारच्या सुमारास पूर्ण होते असे वाचले, म्हणजे सकाळभर भरतीच मिळेल. तो दिवस धरावा का?

तेरेखोलकाठ

पौर्णिमा धरू नका. सकाळभर भरती मिळते हे खरे, पण ते उधाण असते, ओढा जोराचा असतो, आणि पाणी फिरून परतायला निघाल तोवर दुपारचा खारा वारा तोंडावर येतो. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा आहे की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा येतात, म्हणजे सकाळी सहालाच भरती पूर्ण होऊन दुपारपर्यंत ओहोटी चालते. ओढा मंद असला तरी वेळ आपल्या सोयीची नाही. द्वादशीला नऊ येतात. त्या दिवशी उधाण अजून पूर्ण जोरात आलेले नसते. सातच्या सुमारास उतरलात तर शेवटचे दोन तास भरतीबरोबर वर जाता येईल, नऊनंतर पाणी फिरेल, गरींनी सांगितलेला ओहोटीचा पहिला तास ओहळांच्या तोंडाशी मिळेल, आणि खारा वारा उठण्याआधी तुम्ही काठावर असाल. आरोंदा मुखापासून आत असल्यामुळे तिथे भरती थोडी उशिरा पोचते, तेवढे धरून चाला. हा हिशेब ढोबळ आहे, आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या नसतात, म्हणून त्या तारखेचे भरती-ओहोटीचे तक्ते आदल्या दिवशी नक्की पाहावेत.

आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाजही पाहा आणि पूर्वेचा वारा पंधराच्या वर दिसला तर बेळगावहून निघूच नका. पुढची द्वादशी पंधरा दिवसांनी येतेच. त्या आठवड्यात मी आरोंद्याला असेन, तारीख ठरली की इथेच कळवा, मीही माझी कयाक घेऊन येतो.